कॉफीच्या घरातला चहा

तुर्कस्तानातल्या लहानशा गावातही चौकाच्या आसपास एखादे ‘काहवेहाने’ असतेच. शब्दाचा अर्थ सरळ आहे : कॉफीघर. आत डोकावले तर पत्ते किंवा सोंगट्या खेळत बसलेली मंडळी दिसतात आणि त्यांच्यापुढे असतो चहा. कॉफी मागणारे गिऱ्हाईक त्या मानाने थोडे. नाव कॉफीचे आणि खप चहाचा, ही विसंगती कुठून आली याचा माग काढत गेलो, तेव्हा एका साम्राज्याचा अस्त आणि त्यातून जन्मलेल्या प्रजासत्ताकाचा जमाखर्च हाती लागला.

आधी भाषेची साक्ष पाहू. तुर्की भाषेत न्याहारीला ‘काहवाल्ती’ म्हणतात. अनशापोटी कॉफी नको म्हणून तिच्याआधी पोटाला दिलेला आधार, असा त्याचा भाव. आज त्याच न्याहारीबरोबर घरोघरी चहा असतो. तपकिरी रंगाचे नावही ‘काहवेरेंगी’, म्हणजे कॉफीचा रंग. या वाटेवरचे काही शब्द आपल्यापर्यंतही पोचले आहेत. जुन्या मराठीत कॉफीच्या बियांना ‘बुंद’ म्हणत, तो अरबी ‘बुन्न’. तुर्कांचा कॉफीचा पेला ‘फिन्जान’, तो मूळ फार्सी ‘पिंगान’, आणि आपली ‘पिंगाणी’ त्याच कुळातली.

येमेनची कॉफी

सोळाव्या शतकात येमेन उस्मानी सत्तेखाली आला आणि कॉफीचा उगमच साम्राज्याच्या हाती आला. इब्राहिम पेचेवी या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की, हिजरी ९६२, म्हणजे इ. स. १५५४-५५ मध्ये अलेप्पो आणि दमास्कसहून आलेल्या दोघांनी इस्तंबूलमध्ये पहिली कॉफीगृहे उघडली. तिथे कवी, कारकून, निवृत्त अधिकारी असे सारे एका पंक्तीला बसू लागले. माणसे एकत्र बसली की राजकारणावर बोलतात, आणि राज्यकर्त्यांना ते रुचत नाही. १६३३ साली चौथ्या मुरादने ही घरे बंद पाडली, पण पुढे ती पुन्हा उघडलीच.

तुर्की कॉफीची कृती वरवर साधी आहे. बिया पिठाइतक्या बारीक दळायच्या. लांब दांड्याच्या ‘जेझ्वे’त गार पाणी, कॉफी आणि साखर एकदमच घालून मंद आचेवर ठेवायचे. साखर नंतर घालता येत नाही, कारण ढवळले की तळाचा गाळ वर येतो. म्हणून पाहुण्याला आधीच विचारतात : ‘साडे’ म्हणजे बिनसाखरेची, ‘ओर्ता’ म्हणजे मध्यम, की ‘शेकेर्ली’, म्हणजे गोड? फेस वर चढला की उकळी फुटण्याआधीच जेझ्वे उतरवायचे. दूध नाही, गाळणी नाही. सोबत पाण्याचा पेला असतो. तळाचा गाळ प्यायचा नसतो. पेला बशीवर उपडा घालून त्या गाळाच्या आकृत्यांवरून भविष्य सांगण्याची हौस आजही टिकून आहे.

रिझेचा चहा

येमेनी कॉफीची मक्तेदारी अठराव्या शतकातच ढिली झाली होती. कॅरिबियन बेटांवरची स्वस्त कॉफी उस्मानी बाजारात आली, पुढे ब्राझीलची आली. पहिल्या महायुद्धानंतर येमेनही गेला. १९२३ साली प्रजासत्ताक उभे राहिले तेव्हा त्याच्या हद्दीत कॉफी पिकेल अशी जमीन नव्हती. प्रत्येक पेल्यामागे परकीय चलन मोजावे लागणार होते.

चहा तिथे अगदीच अनोळखी नव्हता. रशियातून आलेला समोवार एकोणिसाव्या शतकातच रुळला होता. बुर्साजवळ लागवडीचा प्रयत्नही झाला, पण हवामान मानवले नाही. काळ्या समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरच्या रिझेची गोष्ट वेगळी. तिथे वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, डोंगरउतार आहेत आणि सीमेपलीकडे बातुमीला चहाचे मळे आधीपासून होते. रोजगाराअभावी तिथली माणसे गाव सोडत होती. १९२४ साली रिझे भागात चहा आणि लिंबूवर्गीय झाडांच्या लागवडीचा कायदा झाला. झिहनी डेरिन या कृषितज्ज्ञाने त्यासाठी अनेक वर्षे खपून काम केले. बातुमीहून बियाणे आले, १९३८ साली पहिली तोडणी झाली आणि १९४७ साली रिझेत पहिला कारखाना सुरू झाला. १९७०च्या दशकाच्या अखेरीस परकीय चलनाची चणचण झाली आणि बाजारातून कॉफी दिसेनाशी झाली. चहा मात्र घरचा होता. टंचाईच्या दिवसांत भाजलेल्या हरभऱ्याच्या पुडीवर कॉफीची तहान भागवल्याचेही सांगतात.

हा चहा आपल्यासारखा उकळत नाहीत. ‘चायदानलुक’ म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन किटल्या. खालचीत पाणी उकळते आणि वरचीत पाने त्या वाफेवर दहा-पंधरा मिनिटे मुरतात. मग कमरेत बारीक असलेल्या काचेच्या पेल्यात थोडा अर्क आणि वर गरम पाणी. चहा तांबडालाल दिसला पाहिजे. पुरे झाला की चमचा पेल्यावर आडवा ठेवायचा, नाहीतर पेला पुन्हा भरला जातो. आज तुर्की माणूस वर्षाला सरासरी तीन किलोंहून अधिक चहा पितो. दरडोई खपात हा देश जगात अग्रभागी आहे. आपला भारतीय आकडा एका किलोच्याही आत आहे.

सवय आणि सोहळा

मग कॉफी संपली का? नाही, तिने जागा बदलली. मुलगी पाहायला आलेल्या मंडळींना तीच कॉफी करून देते, आणि गंमत म्हणून होणाऱ्या नवऱ्याच्या पेल्यात मीठ घालते. आपल्या कांदेपोह्यांचेच हे तिकडले रूप. एका पेला कॉफीचे ऋण चाळीस वर्षे राहते, अशी तुर्की म्हण आहे. चहाबद्दल असे कोणी म्हणत नाही, कारण तो दिवसातून दहा वेळा येतो. माझ्या मते या इतिहासाचे सार इथेच आहे : जे महाग झाले ते सोहळ्यात गेले, जे शेतात पिकले ते सवयीत मुरले.

युनेस्कोने २०१३ साली तुर्की कॉफीला आणि २०२२ साली तुर्कस्तान व अझरबैजान यांच्या चहाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. पहिल्या वारशाचे वय साडेचारशे वर्षांचे. दुसऱ्याचा आजचा विस्तार मात्र एका शतकातला, तोही कायद्याने आणि सरकारी कारखान्यांनी घडवलेला. म्हणून तो खोटा ठरत नाही. आपल्याकडेही १९०३च्या चहा-उपकर कायद्यातून जमलेल्या पैशावर पुढे चहाचा प्रचार झाला आणि चार पिढ्यांत ‘चहा घेणार का?’ हे आतिथ्याचे पहिले वाक्य झाले. परक्या देशात पेला हाती आला की त्याची चव घ्यावीच, पण हे कुठे पिकते आणि इथे कधीपासून पितात, हे दोन प्रश्नही विचारावेत. पेला पुढे करणारा माणूस बहुधा आनंदाने सांगू लागतो, आणि तोवर दुसरा पेला भरलेला असतो.