मास्तर आणि मैदान

शाळेच्या मैदानावर एक फुटबॉल टाका आणि वीस-बावीस पोरं सोडा. पुढं काय होतं, ते गुरुजींना सांगायला नको. एक दांडगा गडी चेंडू पायात घेतो आणि सुटतो. बाकीची सगळी त्याच्या मागं धावतात. एखादं किरकोळ अंगाचं पोर कोपऱ्यात उभं असतं. घंटा होईपर्यंत त्याच्या पायाला चेंडू लागत नाही. गुरुजी ओरडतात, "अरे, दुसऱ्याला दे की!" पण ऐकतो कोण?

या दुखण्यावर औषध आहे, आणि ते शोधणारा माणूस आपल्याला परका नाही. धर्माबादहून निजामाबादमार्गे रेल्वे ज्या हैदराबादला जाते, त्या शहरातले ते एक शाळामास्तर. त्यांचं नाव सय्यद अब्दुल रहीम. 1956 पर्यंत आपण आणि ते एकाच हैदराबाद राज्यातले होतो.

फुटबॉल आपल्या देशात आला तो गोऱ्या पलटणींबरोबर. मुंबईची रोव्हर्स चषकाची स्पर्धा 1891 साली सुरू झाली, तीही पलटणींच्या संघांसाठीच. छावणीतून हा खेळ कॉलेजांत शिरला. 1911 साली कलकत्त्यात शील्डच्या स्पर्धेत मोहन बागान संघानं पहिला सामना सेंट झेवियर्स कॉलेजशी खेळून जिंकला. पुढं एकेक गोरा संघ मागं टाकत 29 जुलै रोजी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 असं हरवलं. त्या अकरा जणांत बूट घालणारे एकटे सुधीर चॅटर्जी, आणि ते कॉलेजात शिकवणारे प्राध्यापक! बाकीचे दहा अनवाणी. तेव्हापासून 'अनवाणी पाय हीच आपली ताकद' अशी एक समजूत देशात रुजली.

रहीमसाहेबांचा जन्म 1909 चा. उस्मानिया विद्यापीठ 1918 साली निघालं. त्या विद्यापीठात ते शिकले आणि तिथंच खेळाडू म्हणून नावारूपाला आले. पदवी घेऊन ते शाळेत मास्तर झाले. शारीरिक शिक्षणाचाही अभ्यास केला. पुढं हैदराबाद शहर पोलिसांचा संघ त्यांच्या हाताखाली तयार झाला, आणि 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स चषक याच संघानं नेला. 1951 साली दिल्लीला पहिल्या आशियाई खेळांत भारतानं फुटबॉलचं सुवर्णपदक मिळवलं, तेव्हाही मार्गदर्शक रहीमसाहेबच होते.

हे त्यांनी कसं साधलं? शिक्षकांनी ध्यानात घ्यावी अशी गोष्ट पुढंच आहे. "चेंडू दुसऱ्याला द्या" असा उपदेश नुसता तोंडी करून भागत नाही, हे त्यांनी ओळखलं आणि खेळाचा नियमच बदलला. हैदराबादेत त्यांनी अशा स्पर्धा भरवल्या की ज्यांत चेंडू पायात खेळवत पुढं न्यायला मनाई! चेंडू आला की लगेच सोबत्याकडं सोडायचा. आता दांडग्या गड्याचा दांडगेपणा चालणार कसा? त्याला मान वर करून सोबती कुठं आहे ते पाहावंच लागतं. आणि सोबत्यालाही मोकळ्या जागेत जाऊन उभं राहावं लागतं, नाहीतर त्याच्याकडं चेंडू येतो कशाला?

यात साधा हिशेब आहे. माणूस कितीही पळाला तरी लाथ मारलेला चेंडू त्याच्यापेक्षा वेगानं जातो. म्हणजे पळायचं काम चेंडूला द्यावं आणि माणसानं दम राखावा. अंगानं थोराड गड्याशी धक्काबुक्की करायची पाळीच येत नाही, कारण तो जवळ येईतो चेंडू निघून गेलेला असतो. आपल्यासारख्या बेताच्या अंगकाठीच्या खेळाडूंना हाच मार्ग सोयीचा.

दुसरी त्यांची युक्ती पायाची. बहुतेकांचा एक पाय तरबेज असतो, दुसरा नुसता उभं राहायच्या कामाचा. रहीमसाहेबांनी कच्च्या पायानंच चेंडू मारायच्या स्पर्धा ठेवल्या. पहिल्या दिवशी सगळे सारखेच अडाणी! हसू होतं, पण त्या हसण्यात कुणी एकटा पडत नाही. कच्चा पाय अशानंच पक्का होतो.

याचा अर्थ त्यांना पराभव भेटला नाही असं नव्हे. 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियानं भारताचा 10-1 असा धुव्वा उडवला. तिथल्या थंडीत आपले बरेच गडी अनवाणी होते. 1911 पासूनची ती समजूत तिथं मोडली आणि त्यानंतर बूट सक्तीचे झाले.

मग 1956 उजाडलं. 1 नोव्हेंबरला हैदराबाद राज्याची वाटणी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात आला, हैदराबाद शहर आंध्र प्रदेशात गेलं. बरोबर एक महिन्यानं, 1 डिसेंबरला, मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये रहीमसाहेबांच्या संघानं यजमान ऑस्ट्रेलियाला 4-2 असं हरवलं. त्यांतले तीन गोल एकट्या नेव्हिल डिसूझांचे. भारत त्या वर्षी चौथा आला. या संघात हैदराबादच्या बाजूचे कितीतरी गडी होते. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याच्या गरीब घरातला तुलसीदास बलराम हा त्यांतलाच एक.

शेवटची कसोटी 1962 सालची, जकार्ताची. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियानं 2-0 असं हरवलं. मग थायलंड आणि जपान यांच्यावर जय मिळाला. पण जर्नेलसिंग या बचावातल्या गड्याचं डोकं फुटलं, टाके पडले. असा माणूस खेळवावा कसा? रहीमसाहेबांनी त्याला बचावातून काढून आघाडीवर नेलं! उपांत्य सामन्यात त्यानं गोल केला. 4 सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात पुन्हा तोच दक्षिण कोरिया समोर आला, आणि प्रेक्षकही आपल्या विरुद्ध. एक गोल पी. के. बॅनर्जी यांनी केला, दुसरा जर्नेलसिंगनं. भारत 2-1 असा जिंकला. त्या वेळी रहीमसाहेबांना कर्करोगानं ग्रासलं होतं. 11 जून 1963 रोजी ते वारले. आशियाई फुटबॉलचं सुवर्णपदक त्यानंतर भारताकडं पुन्हा आलेलं नाही.

हे पदक आपल्या गावच्या शाळेतून परत येईल असं मी म्हणत नाही. पण कोपऱ्यात उभं असलेलं ते पोर मात्र आपल्या शाळेतलंच आहे, आणि त्याच्यासाठी पैसा लागत नाही. गुरुजी, येत्या शनिवारी एवढं करून पाहा. पहिली दहा मिनिटं कुणीही चेंडूला दोनापेक्षा जास्त वेळा पाय लावायचा नाही. लावला तर चेंडू दुसऱ्या बाजूला. पुढची दहा मिनिटं सगळ्यांनी कच्च्या पायानं खेळायचं. आणि शेवटच्या दहा मिनिटांत, बाजूतल्या प्रत्येकाच्या पायाला चेंडू लागल्याखेरीज त्या बाजूचा गोल धरायचा नाही. मुली असतील तर त्यांनाही बाजूत घ्या.

पहिल्या शनिवारी गोंधळ होईल. दुसऱ्या शनिवारी भांडणं होतील. पण थोडे दिवस दम धरा. दांडगा गडीच त्या किरकोळ पोराला हाक मारील, "अरे ये, इकडं मोकळा हो!" कारण त्याच्यावाचून आता त्याचाही गोल होत नाही.