वेगमर्यादा : फलकावरची आणि प्रत्यक्षातली

झाशीहून ललितपूरच्या दिशेने निघाले की बबीनाच्या अलीकडे बिजौली लागते. येथे औद्योगिक वसाहत आहे, रेल्वेस्थानक आहे आणि श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ याच परिसरातून दक्षिणेकडे जातो. सागर, लखनादौन मागे टाकून हाच मार्ग पुढे नागपूरला पोहोचतो. दूरच्या पल्ल्याच्या मालमोटारीच्या दृष्टीने असा महामार्ग म्हणजे मोकळी धाव असते. त्याच्या काठावरील वस्तीतील कामगार, सायकलस्वार आणि शाळकरी मुले यांच्या दृष्टीने मात्र तो रोज ओलांडावा लागणारा रस्ता असतो. त्यामुळे महामार्गावरील कमाल वेगमर्यादा कमी केल्याने रस्ते खरोखरच सुरक्षित होतात का, हा प्रश्न बिजौलीसारख्या ठिकाणी केवळ वादाचा विषय राहत नाही.

सन २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्तींनी प्राण गमावले. सरकारी नोंदीनुसार यांपैकी सुमारे ७० टक्के मृत्यू अतिवेगाच्या सदरात मोडतात. अर्थात या एका सदरात सदोष रस्ता, चालकाचा थकवा, वाहनाची दुरवस्था अशी इतर कारणेही पुष्कळदा झाकली जातात. म्हणूनच केवळ आकडा पाहून निष्कर्ष काढणे उचित ठरणार नाही.

वेगाचे गणित

वेग आणि इजा यांचा संबंध सरळ प्रमाणात नसतो. वेग दुप्पट झाला की वाहनाची गतिज ऊर्जा चौपट होते. एक साधे उदाहरण घेऊ. कोरडा रस्ता, उत्तम ब्रेक आणि एका सेकंदात सावध होणारा चालक गृहीत धरल्यास, ताशी ८० किलोमीटर वेगाची मोटार साधारण ५७ मीटर अंतरात थांबते. ताशी १०० किलोमीटर वेगाच्या मोटारीला त्यासाठी सुमारे ८३ मीटर लागतात. परंतु खरा फरक याहून गंभीर आहे. ज्या ठिकाणी पहिली मोटार पूर्णपणे थांबलेली असते, त्या ठिकाणी दुसरीचा वेग अद्याप ताशी ६५ किलोमीटरहून अधिक असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोटारीचा वेग ताशी ५० वरून ६५ किलोमीटर झाल्यास धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूची शक्यता साडेचार पट होते.

याउलट वेगामुळे किती वेळ वाचतो? तीस किलोमीटरच्या प्रवासात ताशी १०० ऐवजी ८० किलोमीटर वेग ठेवल्यास केवळ साडेचार मिनिटे अधिक लागतात.

अमेरिकेचा अनुभव

या प्रश्नाचे एक मोठे प्रात्यक्षिक अमेरिकेत घडले, तेही अपघातांच्या नव्हे तर इंधनाच्या चिंतेतून. १९७३ च्या तेलसंकटानंतर जानेवारी १९७४ मध्ये तेथे देशभर ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८९ किलोमीटर, ही मर्यादा लागू करण्याचा कायदा झाला. १९७३ मध्ये रस्त्यांवर सुमारे ५४ हजार मृत्यू झाले होते. १९७४ मध्ये ते सुमारे ४५ हजारांवर आले. या घटीचे सारे श्रेय वेगमर्यादेला देता येत नाही, कारण इंधनटंचाईमुळे प्रवासही घटला होता. तरीही पुढे झालेल्या अभ्यासात त्या वर्षी वाचलेले किमान तीन हजार प्राण कमी व एकसमान वेगामुळे वाचले, असा अंदाज मांडला गेला. कालांतराने चालकांनी ही मर्यादा सर्रास ओलांडण्यास सुरुवात केली आणि १९९५ मध्ये ती रद्द झाली.

द्रुतगती मार्गाचा धडा

महाराष्ट्रातील मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाचा अनुभव वरकरणी याच्या उलट वाटतो. या मार्गावर मोटारींसाठी ताशी ८० किलोमीटरची मर्यादा होती. २०१९ च्या सुमारास सपाट भागात ती १०० करण्यात आली. मात्र २०१६ मध्ये येथे १५१ मृत्यू झाले होते, ते २०२० मध्ये ६६ वर आले. २०२० हे टाळेबंदीचे वर्ष होते हे खरे. तथापि घट त्यापूर्वीच सुरू झाली होती.

मर्यादा वाढूनही मृत्यू कमी झाले, याचे कारण त्या काळात हाती घेतलेल्या इतर कामांत आहे. ‘शून्य मृत्यू मार्ग’ या उपक्रमाअंतर्गत दुभाजकांत अडथळे उभारले गेले, कडेच्या धोकादायक खांबांना व कठड्यांना संरक्षण मिळाले, रस्त्यात उभ्या राहणाऱ्या वाहनांकडे लक्ष दिले गेले आणि अंमलबजावणी कडक झाली. बोरघाटात मात्र मर्यादा बरीच खालीच ठेवण्यात आली. उतार आणि वळणे यांपुढे दुसरा उपाय नव्हता.

मर्यादा कोठे, किती?

या दोन अनुभवांत विसंगती नाही. वेग प्रत्यक्षात उतरला तर मृत्यू निश्चित घटतात. पण केवळ फलक बदलल्याने वेग उतरतोच असे नाही. चालक रस्त्याची रुंदी व मोकळेपणा पाहून वेग ठरवतो. रुंद, सरळ रस्त्यावर एकाएकी ‘४०’ चा फलक लावला, तर काही जण तो पाळतात आणि इतर दुर्लक्ष करतात. अशा वेळी वाहनांच्या वेगांतील तफावत वाढून नवाच धोका निर्माण होतो.

केंद्र शासनाने २०१८ मध्ये दुभाजक असलेल्या चौपदरी महामार्गांवर मोटारींसाठी ताशी १०० आणि मालवाहू वाहनांसाठी ८० किलोमीटर अशी कमाल मर्यादा अधिसूचित केली. स्थानिक परिस्थितीनुसार ती कमी करण्याचा अधिकार राज्यांना आहे. ज्या महामार्गावर पादचारी, सायकली व अवजड वाहने एकत्र येतात, तेथे या अधिकाराचा वापर व्हायलाच हवा. मात्र त्यासोबत भुयारी मार्ग किंवा पादचारी पूल, सेवारस्ता, पुरेसे दिवे आणि वेग मोजणारे कॅमेरे हवेत.

वाहनकर्ज घेताना ग्राहक व्याजदर, हप्ता आणि विमा यांचा बारकाईने विचार करतो. कुटुंबातील कमावती व्यक्ती अपघातात गेली तर होणारी हानी मात्र कोणत्याही विमा रकमेने भरून निघत नाही. त्या हानीपुढे साडेचार मिनिटांची बचत फारच क्षुल्लक आहे, आणि वस्तीजवळ वेग कमी करण्यासाठी चालकाने फलकाची वा पोलिसाची वाट पाहण्याचे कारण नाही.