चांदीपुराची वंशावळ

वणीजवळचं राजूर हे कोळशाच्या खाणीचं आणि चुनाभट्ट्यांचं गाव. इथून उत्तरेला नागपूर जिल्हा, दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की तेलंगण. चांदीपुरा विषाणूच्या इतिहासातल्या दोन मोठ्या घटना याच दोन दिशांना घडल्या. 1965 साली नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावी तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तात तो पहिल्यांदा सापडला. 2003 साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, करीमनगर-वरंगलच्या बाजूला, 329 मुलं मेंदूज्वराने आजारी पडली आणि त्यांतली 183 दगावली. आधी ताप, नंतर जीवघेणा मेंदूज्वर. मधल्या 38 वर्षांत विषाणू बदलला, की तो असाच होता आणि आपलंच लक्ष नव्हतं? विदर्भातल्या आईबापांसाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. 2007 साली नागपूर विभागातही या विषाणूने मुलांचे जीव घेतले.

1965 मध्ये पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राची (आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था) माणसं नागपूर भागात गेली होती ती चिकुनगुन्या आणि डेंग्यूच्या साथीसाठी. दोन नमुन्यांतला विषाणू मात्र यांपैकी कोणताच नव्हता. भट आणि रॉड्रिग्ज यांनी 1967 साली तो नवा विषाणू म्हणून जाहीर केला. त्या काळी ओळख पटवायची ती प्रतिपिंडांवरून: माहीत असलेल्या विषाणूंविरुद्धच्या रक्तद्रवाने हा निकामी होतो का, एवढंच पाहायचं. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा बंदुकीच्या गोळीसारखा आकार दिसला आणि घराणं कळलं, ऱ्हॅब्डोव्हिरिडी. रेबीजचा विषाणू याच घराण्यातला.

घराणं कळलं तरी नातं किती जवळचं, हे आकारावरून सांगता येत नाही. त्यासाठी जनुकीय क्रम वाचावा लागतो. चांदीपुराचा सगळा वारसा आरएनएच्या एकाच धाग्यात असतो, सुमारे 11,000 अक्षरांचा. रुग्णाच्या रक्तातून किंवा पाठीच्या कण्यातल्या पाण्यातून हा आरएनए वेगळा काढतात. तो फार नाजूक, म्हणून विकर वापरून त्याचं डीएनएत रूपांतर करतात, पीसीआरने त्याच्या भरपूर प्रती काढतात आणि मग यंत्र अक्षरामागून अक्षर वाचतं. धाग्यावर पाच जनुकं ओळीने येतात: एन, पी, एम, जी आणि एल. एनचं प्रथिन आरएनएला लपेटून सांभाळतं, पी आणि एल मिळून नकला काढतात, एम आकार देतं. जीचं प्रथिन बाहेरच्या बाजूला काट्यांसारखं उभं असतं आणि पेशीला चिकटतं. आपली प्रतिपिंडं धावून जातात ती मुख्यतः या जीवर. म्हणून दोन साथींतले विषाणू ताडून पाहताना जीकडे विशेष लक्ष असतं.

नकला काढणाऱ्या यंत्रणेला चूक दुरुस्त करता येत नाही, आणि वंशावळ उभी राहते ती या चुकांच्याच आधाराने. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या पंडितांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना हेच केलं: ज्या पोथ्यांत एकच चूक सारखी उतरली, त्या एका मूळ प्रतीच्या वारसदार. विषाणूंतही जे बदल सामायिक, ते समान पूर्वजाकडून आलेले. असे बदल जुळवत गेलं की चांदीपुरा जाऊन बसतो व्हेसिक्युलोव्हायरस या प्रजातीगटात. शेजारी इराणमधल्या वाळूमाश्यांत सापडलेला इस्फहान विषाणू, आणि अमेरिका खंडांत गुरांच्या तोंडाला फोड आणणारा त्यांचा भाऊबंद. आंतरराष्ट्रीय वर्गीकरण समितीच्या नव्या पद्धतीनुसार आता त्याचं नाव ‘व्हेसिक्युलोव्हायरस चांदीपुरा’ असं लिहितात.

2003 च्या साथीनंतर विद्या अरणकल्ले आणि सहकाऱ्यांनी पुण्यात जी, एन आणि पी ही तीन जनुकं वाचून 1965 च्या विषाणूशी ताडली. विषाणू तोच निघाला; काही अक्षरं बदललेली, पण नवी जात म्हणावी इतकी नाहीत. ही तुलना झाली कारण 1965 चा विषाणू पुण्यात जपून ठेवलेला होता. जनुकं वाचायची सोय नसलेल्या काळात ज्यांनी तो सांभाळला, त्यांचं मोल मला यंत्राइतकंच मोठं वाटतं.

मुळातल्या प्रश्नाचं अर्धंच उत्तर त्यातून मिळालं. 1980 साली मध्य प्रदेशात मेंदूचा आजार झालेल्या एका रुग्णात हा विषाणू सापडला होता, म्हणजे मेंदूकडे तो 2003 आधीही वळत होता. मुलांमध्ये आजाराचा वेग भयानक असतो: एकाएकी ताप, उलट्या, झटके, बेशुद्धी आणि अनेकदा एक-दोन दिवसांत मृत्यू. लस नाही, नेमकं औषध नाही. नमुना वेळेत घेतला नाही, थंड ठेवून पोचवला नाही, तर वाचायला आरएनए उरत नाही आणि त्या मुलाच्या कागदावर फक्त ‘मेंदूज्वर’ राहतं. 2024 च्या जून ते ऑगस्टमध्ये देशात मेंदूज्वराचे 245 रुग्ण नोंदले गेले; चांदीपुरा सिद्ध झाला 64 जणांत, बहुतेक गुजरातेत.

विषाणू माणसापर्यंत येतो वाळूमाशीतून. जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, केसाळ, बसताना पंख उंच उभे धरणारी ही माशी भिंतीच्या भेगांत, गोठ्याच्या ओलसर मातीत राहते. उडते बेताचीच, टुणटुण उड्या मारल्यासारखी. संशोधक टॉर्च आणि तोंडाने ओढायची नळी घेऊन भिंतींवरून एकेक माशी उचलतात. जात ठरवायला सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या घशातले बारीक दात मोजावे लागतात. औरंगाबादेत पकडलेल्या अशाच माश्यांतून हा विषाणू वेगळा काढल्याची नोंद 1970 सालची आहे. म्हणूनच साथीत भेगा लिंपून घ्या, गोठा कोरडा ठेवा, मॅलॅथिऑनची भुकटी मारा असं सांगतात. नुसता रस्त्यावरून धूर सोडून भेगेतल्या माशीचं फारसं बिघडत नाही.

पावसाळा सरला की रुग्ण थांबतात, विषाणू मात्र कुठेतरी टिकतो. बाधित मादीकडून तो अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरू शकतो, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. विदर्भातल्या गोठ्यांत तो असाच टिकतो की एखाद्या जनावराच्या आधाराने, हे जनुकीय क्रम जुळवून शोधता येईल; पण त्यासाठी साथ नसतानाच्या महिन्यांतही माश्या पकडून पुण्याला पाठवाव्या लागतील.