गाडीचा बुश : कोणते प्लॅस्टिक, कोणत्या जागी?

बाळापुराहून अकोल्याला किंवा खामगावला जाणाऱ्या मोटारीला आणि मन-म्हैस नद्यांकाठच्या काळ्या शिवारात शिरणाऱ्या जीपला जे हादरे बसतात, ते पाटे व स्प्रिंगा सोसतात हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु पाट्याच्या डोळ्यात किंवा चाक धरणाऱ्या दांड्याच्या टोकाशी बसलेल्या बुशाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. तो झिजला की गाडी खडखडते, ब्रेक लावताच एका अंगास ओढते. जुन्या गाडीचा बुश बाजारात मिळेनासा झाला म्हणजे लेथवाल्याकडून प्लॅस्टिकच्या रॉडातून कातून घ्यावा लागतो. परंतु कोणत्या प्लॅस्टिकचा?

जितके कठीण तितके उत्तम, अशी पुष्कळांची समजूत असते. आम्हांस ती घातक वाटते. रबरी बुशात रबर आतल्या व बाहेरच्या पोलादी नळीला चिकटलेले असते. दांडा हलला तरी काही घसरत नाही. रबर स्वतः पिळते, परत येते आणि सर्व दिशांनी थोडेथोडे दबते. कठीण प्लॅस्टिक पिळत नाही. ते बंडीचे चाक आसावर फिरावे तसे केवळ नळीवर फिरते. दांड्याला एकाच पातळीत हलायचे असेल तेथे हे चालते. पण खाली-वर होताना ज्याला किंचित वाकडेही व्हावे लागते, तेथे कठीण बुश अडून बसतो. तो ताण दांड्याच्या कानावर जातो आणि एखाद्या दिवशी वेल्डिंग तडकते. झिजलेला बुश आवाज करून कळवतो तरी. तडकलेला कान पुष्कळदा भर वेगातच कळतो.

नायलॉन १९३५ साली अमेरिकेत कॅरोदर्स यांनी तयार केले. ते चिवट आहे, सहज मिळते. पण पाणी पिते. पूर्ण भिजल्यास वजनाच्या शेकडा ६ ते ९ इतके! वैशाखात घट्ट बसविलेला बुश श्रावणात फुगून जाम होतो, तो यामुळेच. ॲसिटल, म्हणजे १९६० पासून डेल्रिन नावाने विकले जाणारे प्लॅस्टिक, पाणी फारच कमी घेते आणि लेथवर सुरेख कातले जाते. मात्र उन्हाचा हिशेब धरावा. ४० मिलिमीटरचा तुकडा ४० अंशांनी तापला तर सुमारे ०.१७ मिलिमीटर वाढतो, लोखंड अवघे ०.०२. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तेवढी फट ठेवलीच पाहिजे. टेफ्लॉन निसरडे खरे, पण भाराखाली हळूहळू पसरते. ते येथे नको.

रबर आणि या कठीण मंडळींच्या मध्ये पॉलियुरेथेन बसते. जर्मनीत ओटो बायर यांनी ते १९३७ साली शोधले. शोअर ए मापावर गाडीचे रबर साधारण ५० ते ७०, तर या बुशांचे पॉलियुरेथेन ८० ते ९५. यात दोन जाती आहेत : पॉलिएस्टर जात दमट उष्णतेत कुजते, पॉलिइथर टिकते. विकत घेताना जात विचारावी, आणि बसविताना ग्रीस विसरू नये, नाहीतर करकर ऐकत बसावे लागते.

पाट्याच्या डोळ्यात पॉलियुरेथेन किंवा ॲसिटल चालेल. वाकड्या हालचालीच्या दांड्याला शक्यतो रबरच, न मिळाल्यास मऊ पॉलियुरेथेन. लेथवाल्याला माप देताना झिजलेल्या बुशाचे देऊ नये. ज्या भोकात तो बसायचा त्याचे आणि आतल्या नळीचे द्यावे.