काचेआड नसलेला विळा
(लेखांक सातवा)

गेल्या आठवड्यात आपण सेवाग्रामच्या बापूकुटीत होतो. तिथून वर्ध्यात आलं की मगन संग्रहालय बघायचंच. मगनलाल गांधींच्या नावाचं हे संग्रहालय ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलं. इथं तलवारी नाहीत, राजेरजवाड्यांची तैलचित्रं नाहीत. आहेत ती चरख्यांसारखी कामाची साधनं. गावातल्या माणसाच्या हातातली वस्तूही जपून ठेवण्याजोगी आहे, हे इतक्या आधी कुणाला सुचलं याचंच मला अप्रूप.

मी यवतमाळचा, त्यामुळे माझी नजर तिथं विळा शोधत राहते.

१९३० साली दांडीला मीठ उचललं गेलं, पण वऱ्हाडात समुद्र आणायचा कुठून? अकोल्याकडे निदान खारपाणपट्टा होता. दहीहांड्याला विहिरीच्या खाऱ्या पाण्याचं मीठ करून कायदा मोडता आला. आमच्याकडे तेही नाही. होतं ते जंगल, आणि ते सरकारजमा. राखीव रानात परवान्याशिवाय गवत कापणं हा गुन्हा होता. ज्याच्या गोठ्यात बैलजोडी आहे, त्याला हा कायदा समजावून सांगायला पुढारी लागत नव्हता.

१० जुलैला पुसदजवळच्या राखीव जंगलात वणीच्या बापूजी अण्यांनी गवत कापलं आणि तुरुंगात गेले. बापूजी टिळकांच्या तालमीतले. गांधीजींचं सगळंच त्यांना पटत होतं असं नाही. अकरा दिवसांनी यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या जंगलात डॉ. केशव बळिराम हेडगेवारांनी तेच केलं. त्यांना नऊ महिन्यांची सजा झाली. पुढं ज्यांचे अनुयायी एकमेकांच्या वाऱ्याला उभे राहिले नसते, ती माणसं एकाच पावसाळ्यात एकाच कायद्याविरुद्ध गवतात उतरली होती. पुढं सप्टेंबरात रायगडातल्या चिरनेरला जंगल सत्याग्रहावर गोळ्या झाडल्या गेल्या. तिथल्या हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी होता. त्याच्याकडे पुढच्या लेखांकात जाऊ.

पुढाऱ्यांची नावं आपल्याला पाठ असतात. त्यांच्या मागे जे वाकले, त्यांची मात्र पुस्तकात एका ओळीत बोळवण होते: ‘आणि इतर सत्याग्रही’. त्यांचे विळे गेले कुठे?

माझ्यापुरतं उत्तर मला वाटतं ते असं. चरखा घरात एका जागी बसतो, म्हणून टिकतो. विळ्याचं तसं नाही. लाकडी मूठ, तिच्या तोंडाशी लोखंडी साम आणि वाकडं पातं. दर हंगामात धार लावायची, म्हणजे दर हंगामात पातं थोडं कमी व्हायचं. शेवटी बोटभर उरतं, मग चुलीपाशी भाजी चिरायला येतं. पोलिसांनी जप्त केले नसतील ते विळे त्याच साली ज्वारीच्या सोंगणीला लागले असणार. मालक तुरुंगात असला तरी पीक थांबत नाही. मग बायकोच्या हातात, पोराच्या हातात.

पुसदकडच्या आमच्या एका काकांना मी विचारलं, “घराण्यात त्या वेळचा एखादा विळा असेल का हो?”

काका हसले. “एवढ्या सालाचा इळा राह्यते काय बाप्पा? तो तं कामानंच झिजून गेला.” मग वळचणीला खोचलेल्या विळ्याकडे पाहायला उठले, तर तिथं तो नव्हता. सकाळीच शेजारीण मागून घेऊन गेली होती.