घरच्या चित्रगृहाच्या तारा

हल्लीं पुष्कळ सुशिक्षित घरांच्या दिवाणखान्यांत मोठ्या पडद्याचा टीव्ही आणि त्याभोंवतीं पांच-सात स्पीकर मांडलेले दिसतात. घरांतील मिळवत्या मंडळींनीं वर्गणी करून हा संसार उभा केलेला असतो. आजोबांस त्यावर जुनीं नाट्यपदें ऐकावयाचीं असतात, मुलांस क्रिकेट आणि बाकीच्यांस चित्रपट. सर्व खरेदी आटोपल्यावर दुकानदार सहज विचारल्यासारखें विचारतो, "आणि केबल कोणती देऊं?" येथेंच गृहस्थाची पंचाईत होते. एक तार कांहीं शेंकड्यांत मिळते, तिच्या शेजारची कित्येक हजारांना; आणि स्वस्त तार घेतली तर केलेला सारा खर्च वायां जाईल, ही भीति त्याच्या मनांत घातली जाते. आमच्या मतें या भीतीस फारच थोडा आधार आहे. तारेच्या बाबतींत जपावयाच्या गोष्टी आहेत, परंतु ज्यांची दुकानांत प्रशंसा चालते, त्या बहुधा निराळ्याच असतात.

प्रथम एचडीएमआयची तार घेऊं, कारण आज बहुतेक घरांत चित्र व ध्वनि हिच्यांतूनच जातात. या जोडणीचा पहिला आराखडा 2002 सालीं प्रसिद्ध झाला. हिच्यांतून आवाज वाहत नाहीं, आंकडे वाहतात. आंकडे पोंचले तर पूर्ण पोंचतात. न पोंचले तर पडद्यावर ठिपके चमकतात, आवाज मध्येंच तुटतो किंवा पडदा काळा पडतो. अमक्या तारेनें तंबोऱ्याचा खर्ज अधिक भरदार ऐकूं येतो असें कोणी सांगूं लागला, तर चांगल्या पोस्टमनामुळें पत्रांतील मजकूर गोड झाला असें म्हणण्यासारखेंच तें आहे. पहावयाचें तें खोक्यावरील प्रमाणपत्राचें लेबल. 'प्रीमियम हाय स्पीड' म्हणजे सेकंदास 18 अब्ज बिट आणि 'अल्ट्रा हाय स्पीड' म्हणजे 48 अब्ज. फोर-के चित्रपटांस पहिली पुरते. सेकंदास 120 चित्रें दाखविणारे खेळ मुलें खेळणार असतील, तरच दुसरी घ्यावी. दोन-तीन मीटरपर्यंत साधी तांब्याची तार निर्धास्त चालते. प्रोजेक्टर खोलीच्या दुसऱ्या टोकास असून दहा-पंधरा मीटर जावयाचें असेल, तर प्रकाशतंतूची तार बरी. मात्र तिला दिशा असते. टोकें उलटीं लावलीं तर चित्र येत नाहीं. म्हणून ती आधीं जमिनीवर पसरून चालवून पहावी. आणि भिंतींत तारच गाडून न टाकतां पोकळ पाइप बसवून त्यांतून ती ओढावी.

लाल-पांढऱ्या टोकांच्या जुन्या तारांची गोष्ट वेगळी. अमेरिकेच्या रेडिओ कॉर्पोरेशनच्या आद्याक्षरांवरून त्यांच्या टोकांस आरसीए म्हणतात. यांतून प्रत्यक्ष ध्वनीचाच विद्युत्प्रवाह जातो, त्यामुळें येथें तारेचा गुण लागत असेल अशी शंका येणें स्वाभाविक आहे. हिशेब करून पहावा. तारेचा विरोध एका ओहमहून कमी, आणि ती ज्या ॲम्प्लिफायरास जाऊन मिळते त्याचा दहा हजार ओहमहून अधिक. अशा ठिकाणीं तारेनें अडविलेला अंश नगण्यच असतो. दोन मीटर तारेची धारकता साधारणतः 200 पिकोफॅरड. आवाज पाठविणाऱ्या यंत्राचा विरोध 1000 ओहम धरला तरी उंच स्वरांची घट सुमारें आठ लक्ष कंपनांपाशीं जाणवूं लागेल. माणसाचा कान वीस हजारांपलीकडे ऐकत नाहीं, आणि आजोबांचा तर बराच अलीकडे थांबतो! चांदीची तार तांब्याहून पांच-सहा टक्केच अधिक वाहक आहे. सोनें तांब्याहून कमी वाहक. परंतु तें गंजत नाहीं, म्हणून कोंकणच्या खाऱ्या, दमट हवेंत सोन्याचा मुलामा दिलेलीं टोकें घेण्यांत अर्थ आहे. अपवाद फक्त ग्रामोफोनच्या सुईचा. तिची शक्ति पांचेक मिलिव्होल्ट. तिला आंखूड व चांगल्या जाळीची तारच हवी.

तरीही कोणाच्या मनांतून शंका जात नसेल, तर घरांतच परीक्षा घ्यावी. एका मुलास यंत्रामागें बसवून नाणें उडवून दोन्ही तारा अदलाबदल करावयास सांगावें, ऐकणारांनीं पाठ करून बसावें आणि आवाजाची पातळी तीच ठेवावी. दहांपैकीं पांच उत्तरें निव्वळ नशिबानें बरोबर येतात. नऊ आलीं तर मात्र तारेंत कांहीं आहे असें मानावयास हरकत नाहीं.

आतां खरी अडचण सांगतों. यंत्र लावल्यावर स्पीकरमधून सतत घुमणारा "हूंऽऽ" असा आवाज येतो. हा दोष तारेच्या किंमतीचा नसून जमिनीचा असतो. केबल टीव्हीची तार बाहेर एका ठिकाणीं जमिनीस जोडलेली असते आणि घरचें अर्थिंग दुसऱ्या ठिकाणीं. या दोहोंमधील अल्पसा प्रवाह जोडतारेच्या जाळींतून वाहूं लागतो, आणि आपल्या विजेचीं 50 कंपनें कानीं पडतात. येथें एखादा वायरमन प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकण्याचा उपाय सुचवितो. त्यानें घुमणें थांबतेंही. परंतु पुढें कधीं यंत्रांत बिघाड झाला, तर त्याच्या धातूच्या पेटीवर 230 व्होल्ट उभे राहतात, आणि ज्या घरांत लहान मुलें दिवसभर तेथेंच खेळतात, तेथें याचा परिणाम काय होईल तें सांगावयास नको. ज्यांस मुळांतच दोन पिना असतात व मागें चौकोनांत चौकोन अशी खूण असते, त्या यंत्रांस अर्थिंग लागत नाहीं. ज्यांस तीन आहेत, त्यांच्या तिन्ही राहिल्याच पाहिजेत.

घुमणें सुरू असतांना सेट-टॉप बॉक्सची बाहेरून येणारी तार काढून पहावी. आवाज थांबला तर दोष तेथेंच सांपडला. त्या तारेंत एक लहानसा आयसोलेटर बसविला म्हणजे काम होतें. छपरावर तबकडी असेल तर हा उपाय चालत नाहीं, कारण त्याच तारेंतून तबकडीस वीज जाते. तेव्हां टीव्हीपासून ॲम्प्लिफायरापर्यंत प्रकाशाची तार लावावी; ही पद्धति जपानच्या तोशिबा कंपनीनें 1983 सालीं काढली. तिच्यांतून वीज जातच नसल्यामुळें घुमण्याची वाट बंद होते. तिच्यांतून संपीडित पांच-स्पीकरी ध्वनि जातो, असंपीडित जात नाहीं. रोजच्या कार्यक्रमांस तेवढें पुरतें. ती फार मुडपूं नये, आणि लावण्यापूर्वीं टोकांवरील बारीक पारदर्शक टोप्या काढून ठेवाव्या.