प्लॉट स्वस्त, वस्ती महाग

सोलापुरात नोकरीत कायम झालेल्या शिक्षकाच्या वा कारकुनाच्या घरी पहिला विषय निघतो तो स्वतःच्या जागेचा. गावातल्या वाड्याचे भावाभावांत वाटे झालेले असतात, भाड्याच्या दोन खोल्या वाढत्या संसाराला पुरेनाशा होतात, आणि मग रविवारमागून रविवार शहराच्या कडेला प्लॉट पाहण्यात जातात. जुळे सोलापूर, मजरेवाडी, शेळगी, बाळे, केगाव असे करीत पाहणारा अखेर नुकत्याच आखलेल्या शेतात जाऊन उभा राहतो. दूर जावे तसा भाव उतरतो हे खरे. पण उतरलेला भाव म्हणजे वाचलेला पैसा, ही समजूत तपासून पाहावयास हवी.

एके काळी सोलापूरकरासमोर हा प्रश्न नव्हता. १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली, तिच्यामागून इतर गिरण्या आल्या, आणि भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरात कामगारांची वस्ती झाली. काम, बाजार आणि शाळा पायी जाण्याच्या टप्प्यात होत्या. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १९६४ साली स्थापन झालेल्या महानगरपालिकेची १९९२ मध्ये हद्दवाढ झाली आणि शहराचे क्षेत्र कित्येक पटींनी वाढून सुमारे १७८ चौरस किलोमीटरांवर गेले. हद्द अधिसूचनेने एका दिवसात वाढते. नळ, गटार आणि डांबरी रस्ता यांना मात्र पैसा लागतो आणि वर्षे लागतात. या दोहोंमधील अंतरात ज्याचे घर उभे राहते, त्याने कर भरावयाचा आणि पावसाळ्यात चिखलही तुडवावयाचा, हे ‘हद्दवाढ भाग’ या शब्दाने सोलापूरकरांना पुरते शिकविले आहे.

खरी किंमत कोणती?

शहराच्या मध्यापासून दूर गेल्यास जागेचा खर्च घटतो आणि प्रवासाचा वाढतो, असा सिद्धांत विल्यम अलोन्सो या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये मांडला. घर घेणाऱ्याने तो स्वतःच्या वहीत उतरवून पाहावा. घरापासून कचेरी आठ किलोमीटर असेल, तर जाऊन-येऊन सोळा. महिन्याचे पंचवीस दिवस धरल्यास चारशे. दहा वर्षांत ४८ हजार किलोमीटर. हे अंतर पृथ्वीच्या परिघाहून अधिक भरते! त्याचे पेट्रोल आणि वेळ प्लॉटच्या किमतीत कोणी मिळवीत नाही.

तीच गोष्ट पाण्याची. सोलापूरचे पाणी शंभर किलोमीटरांहून दूर असलेल्या उजनी धरणावर अवलंबून आहे. काही दिवसांच्या अंतराने नळ येण्याची सवय तर गावठाणालाही वर्षानुवर्षे लागलेली. जेथे नळच पोहोचला नाही, तेथे जमिनीखालचा हौद, गच्चीवरची टाकी, मोटार, बोअर आणि बोअर आटल्यावर टँकर असा खर्च एकामागून एक दारात येतो. जमीन काळी असेल तर तीही आपला हिस्सा मागते. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया मुरुमापर्यंत नेला नाही तर भिंतींना भेगा पडतात.

सर्वांत महाग पडतो तो कागद. एकेक गुंठ्याने विकलेल्या शेताच्या सातबाऱ्यावर अनेकांची नावे सामायिक लागतात. प्लॉट कोणता हे त्यावरून कळत नाही, बांधकाम परवाना अडतो, बँक कर्ज देण्यास कचरते. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने असे तुकडे पाडण्यावर बंधन घातले. तरीही तुकडे पडतच गेले. म्हणून २००१ मध्ये गुंठेवारी कायदा करून ते नियमित करावे लागले, आणि २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवावी लागली. नियमित होण्याचे शुल्क शेवटी घरमालकच भरतो. विकणारा केव्हाच मोकळा झालेला असतो.

कुंभारीचा धडा

याच सोलापूरलगत, कुंभारीच्या माळावर, वेगळा प्रयोग झाला. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली विडी कामगार स्त्रिया संघटित झाल्या. केंद्राचे २० हजार, राज्याचे २० हजार आणि स्वतःचे २० हजार अशा वाट्याने दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये ती या स्त्रियांच्या हाती आली. त्याच मार्गाने पुढे तीस हजार घरांची रे नगर योजना आली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी तिच्यातील पंधरा हजार घरांचे वाटप झाले. शहरापासूनच्या अंतराचा त्रास तेथेही चुकलेला नाही. पण विड्या वळणाऱ्या स्त्रियांनी जे मागितले ते समूहाने मागितले, आणि हजारो घरांची मागणी कोणत्याही सरकारला डावलता येत नाही.

शिकलेला मध्यमवर्ग नेमके उलट करतो. तो एकटा जागा पाहतो, एकटा बोअर घेतो आणि गटारासाठी एकटाच अर्ज करतो. विसार देण्यापूर्वी अकृषिक आदेश आणि मंजूर रेखांकन पाहावे, जलवाहिनी कोठवर आली आहे ते स्वतः चालत जाऊन पाहावे, हे खरेच. पण शेजारचे प्लॉट कोणी घेतले आहेत आणि ते सारे एकत्र येऊन संस्था काढण्यास तयार आहेत काय, हेही तितकेच विचारावे. जमिनीचा तुकडा एकट्याच्या बचतीतून विकत घेता येतो; रस्ता, पाणी आणि दिवे असलेली वस्ती एकट्याला विकत मिळत नाही.